सातव्या बाटलीला आलेला माणूस

गुरुवार, ५ जुलै १९८४. स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा उकळत होत्या आणि मी एक्स-रेच्या फिल्मबरोबर येणारा काळा कागद कात्रीने कापत बसले होते. गुरुवारची सकाळ म्हणजे हे काम ठरलेलं. शेवटचं औषध ज्या सलाइनच्या बाटलीतून जायचं, तिला हा कागद गुंडाळावा लागे. त्या औषधाला उजेड चालत नाही. नवीन पेशंट घाबरत. बाटलीला काळं का घातलं, काही करणी आहे का, असंही एकीने विचारलं होतं. मी सांगायचे, "ते औषध लाजाळू आहे. तू डोळे मिटून पड."

आमचं हॉस्पिटल कर्जतमधलं, आठ खाटांचं. बाळंतपणं, विंचू, साप, ताप आणि भातकापणीत विळ्याने कापलेली बोटं, हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. कॅन्सरचं इथे काही काम नव्हतं. पण आमचे डॉक्टर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिकलेले. तिथल्या त्यांच्या सरांनी एकदा विचारलं, तुमच्या बाजूचे दोन-तीन पेशंट आहेत, दर पंधरा दिवसांनी इथवर येतात आणि ओकत ओकत परत जातात, औषधं लिहून देतो, तुम्ही कर्जतला द्याल का? डॉक्टर हो म्हणाले आणि परत आल्यावर मला म्हणाले, "सिस्टर, आपण हे करायचं ठरवलंय." आपण म्हणजे सुई मी लावायची, हे मला तेव्हाच कळलं.

आजार रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. क्वचित कुणाला होणारा, आणि होतो तोही बहुतेक तरण्याताठ्या माणसांना. मानेत किंवा काखेत गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून माणूस हिंडतफिरत राहतो. मग संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, अंगाला खाज. त्याचं खरं नाव एका परदेशी डॉक्टरच्या नावावरून आहे. आमच्याकडे कुणी ते घेत नसे. सगळे 'गाठीचा आजार' म्हणत आणि मीही तेच म्हणायचे. कॅन्सर हा शब्द डॉक्टर एकदाच, दार लावून सांगत. मी तो पुन्हा उच्चारायचे नाही, पण कुणी विचारलं तर खोटंही बोलायचे नाही.

उपचार म्हणजे एका बैठकीत चार औषधं. पेशंट सकाळी यायचा, रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तर औषध द्यायचं आणि दुपारी घरी पाठवायचं. चारांतलं एक औषध लालभडक. ते गेल्यावर दिवसभर लघवी लाल होते. हे आधी सांगायला विसरलं की संध्याकाळी नातेवाईक काठ्या घेऊन दारात. हेच लाल औषध शिरेबाहेर थेंबभर जरी गेलं तरी मांस जळतं. म्हणून घाई करायची नाही. सुई नीट बसली का ते आधी साधं सलाइन सोडून बघायचं, मग औषध. घरी गेल्यावर दोन-तीन दिवस उलट्या. केस जातात. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असं बारा वेळा.

या कामात शिरा सांभाळणं सगळ्यात महत्त्वाचं. औषधाने शिरा भाजतात, काळ्या पडतात, कडक होतात. बारा बाटल्या जायच्या तर एका हाताची एक जागा परत परत वापरता येत नाही. त्यामुळे मला या पेशंटांचे चेहरे उशिरा पाठ झाले, हात आधी. अजूनही बाजारात कुणी नमस्कार केला की माझी नजर आधी त्याच्या कोपराच्या खोबणीत जाते. माझे मिस्टर म्हणतात, माणसाकडे बघून तरी हस.

लोक मला कडक म्हणत. त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी आमच्याकडे खालापूरचे एक गुरुजी येत होते. शांत माणूस. सुई लावली की डोळे मिटून पडायचे आणि उलटी आली की आधी 'क्षमा करा' म्हणायचे. पाच बाटल्यांत मानेची गाठ विरघळली. सहाव्या वेळी गुरुजी आले नाहीत. मी निरोप पाठवला. उत्तर आलं, आता बरं आहे, शाळा तपासणी आहे, मे महिन्यात बघू. मे महिन्यात तब्येत चांगली होती म्हणून आले नाहीत. दुसऱ्या वर्षी आले ते दोन्ही जांघांत आणि पोटात गाठी घेऊन. तेव्हा तीच औषधं तीच मात्रा देऊन चालली नाहीत. ते गेले. शिकलेला, समजूतदार माणूस, तो कुणाचं ऐकत नव्हता असंही नाही. गाठ गेली की माणसाला आजार गेला असं वाटतं, एवढंच. त्यानंतर मी निरोप पाठवून थांबत नसे.

आता जनाबद्दल. जनार्दन, कशेळ्याच्या अलीकडच्या एका कुणबी वाडीतला. वय तिशीच्या आतबाहेर. सडपातळ, बोलणं कमी. नांगर धरण्यात पंचक्रोशीत नाव. त्याचा धाकटा भाऊ बबन खोपोलीला कारखान्यात कामाला. दोघं दिसायला एका छापाचे, बबन जरा भरलेला. जनाच्या सहा बाटल्या बिनचूक झाल्या होत्या. गाठ तिसऱ्या बाटलीलाच दिसेनाशी झाली. केस गेले होते, तो टोपी घालायचा. औषधाचा वास सहन होत नसे म्हणून खाटेवर पडलं की तोंड भिंतीकडे करायचा आणि हात मागे माझ्याकडे द्यायचा. जणू हात माझाच, मी काय करायचं ते करावं.

तर त्या गुरुवारी पाऊस झोडपत होता. जना आला, डोक्यावर टोपी, तिच्यावरून कानापर्यंत पंचा. आधी खाली रक्त देऊन आला. डॉक्टरांनी कागद बघितला आणि खूश झाले.

"सिस्टर, यावेळी काउंट बघा! निरोगी माणसाचा असावा तसा. आणि वजनही वाढलंय."

मीही खूश झाले. म्हटलं, चला, माझं दूध-अंड्यांचं भाषण वाया गेलं नाही. जना खाटेवर पडला, तोंड भिंतीकडे, हात मागे. मी पट्टा बांधला, मनगटापासून वर अंगठा फिरवला आणि थांबले.

शीर दोरखंडासारखी जाड, मऊ, हिरवी. अशा शिरेत डोळे झाकून सुई जाईल. गेल्या खेपेची काळी रेघ कुठेच नव्हती. मी दुसरा हात मागितला. त्यावरही काही नाही.

मी पट्टा सोडला. "उठून बस."

तो बसला.

"टोपी काढ."

टोपी निघाली. डोकं चकचकीत, पण वस्तऱ्याने केलेलं, कानामागे ताजं कापलेलंही होतं. जनाचं डोकं केस गळून झालेलं, लहान बाळासारखं मऊ होतं.

"बबन, तू?"

"व्हय."

"जना कुठाय?"

"शेतावं. चिखलनी चाललीय."

"आणि तू इथे काय करतोयस?"

"त्याची बाटली घ्यायला आलो." हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की जणू रेशनची साखर न्यायला आला होता.

लाल औषध अजून कुपीतच होतं. मी ते ट्रेमध्ये ठेवलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. रागावून उपयोग नव्हता. आधी हे काय आहे ते कळायला हवं होतं.

आमच्या भागात भातलावणी सावडीने होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. दहा-बारा घरं एकत्र येतात. आज सगळे माणसं-बैल घेऊन तुमच्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. मजुरी नाही. ज्याच्या शेतात काम, त्याच्या घरचं जेवण. तुमच्या शेतात जेवढी माणसं येऊन गेली तेवढ्या पाळ्या तुम्ही फेडायच्या. मात्र फेडायला अमुकच माणूस यावा असं नाही. नवरा नाही आला तर बायको, भाऊ नाही तर भाऊ. पाळी घराची असते.

बबनने मला हेच समजावलं, मी तान्ही असल्यासारखं.

"ह्ये बघा शिस्टरबाई. दादाची गाठ गेली का नाय? म्हंजे तुमी आमच्या शेतात येऊन गेलात, काम झालं. आता ऱ्हायल्या त्या आमच्या फेडायच्या पाळ्या. त्या घरातला कोनीबी भरंल. दादा नांगराला हाय, त्याच्यावानी चिखलनी मला येत नाय, बैल मला इचारत नाय. सुई घेतली का तीन दिस उलट्या. त्या मी काढतो. मला काय, कारखान्यात रजा टाकलीय."

"आणि डोकं का केलंस?"

तो जरा ओशाळला. "गावाकडं पाळीला दुसरा मानूस चालतो. हास्पिटलात चालतं का नाय म्हाईत नव्हतं. म्हून म्हटलं, दिसाया नको. न्हावी इचारीत व्हता, कोन गेलं रं तुमच्यात?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"म्हटलं कोनी जाऊ नये म्हून करतोय."

डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातात तो झकास काउंटचा कागद होता. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि गेले. त्यांना हसू येत होतं की घाम फुटला होता, मी विचारलं नाही. मला दोन्ही झालं होतं.

मी बबनला म्हटलं, "बेणणी कधी करता?"

"लावनी झाल्यावं."

"तण वरनं कापलं तर?"

"शेत साफ दिसतं. पन पंधरा दिसांत पुना..." तो थांबला.

"गाठ म्हणजे वरचं तण. ती गेली. मूळ आत आहे आणि ते जनाच्या अंगात आहे, तुझ्या नाही. तू ही बाटली घेतलीस तर तुझं चांगलं रक्त मी खराब करणार आणि त्याच्या शेतात तण वाढत राहणार. ही पाळी घराची नाही. ही त्याच्या एकट्याची आहे."

"मंग लावनी झाल्यावं येईल."

"लावणी कधी संपेल?"

"पाऊस असला तर म्हैनाभर."

"एक दिवस उशीर झाला तर चालतो. महिना नाही." मग मी त्याला गुरुजींचं सांगितलं. नाव न घेता, पण सगळं.

तो बराच वेळ डोक्यावरून हात फिरवत होता. केस नसल्याची त्याला अजून सवय नव्हती.

"बाई, तुमचं पटतंय. पन दादा नाय गेला नांगराला तर आमची जोडी सावडीतनं जाती. बैल हायत, धरनारा नाय. मंग आमच्या शेतात कोन येनार? राबात रोपं उभी हायत, लावनार कोन? दादा म्हनतो, जगून तरी काय खायाचं?"

म्हणजे अडचण सुईची नव्हती. तीन दिवस नांगर धरणारा एक माणूस हवा होता. मी कडावची. आमच्या घरी भातशेती, आणि माझा थोरला भाऊ यशवंत नांगराला कुणाला हार जाणारा नाही. आमची खाचरं नदीकडची, लावणी लवकर उरकते. तो मोकळा होता.

"तीन दिवस माणूस मी दिला तर?"

"कोन?"

"माझा भाऊ. सावडीत भाऊ चालतो ना?"

बबन माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं, म्हणून मीच सांगितलं. "हो. आम्ही बौद्ध. कडावच्या बौद्धवाड्यातले."

"तसं नाय बाई. पन सावडीत आमचीआमचीच मानसं असत्यात. जेवन असतं. नानाला इचारावं लागंल." नाना म्हणजे त्यांच्या सावडीचा म्होरक्या, वयस्कर माणूस.

"तर मग विचार. आणि नानांना एवढंच सांग, की उद्या जना इथे आला नाही, तर पुढच्या पावसात नांगराला तो असेल याची हमी सिस्टर देत नाही. मग सावडीत कोण चालतो आणि कोण नाही, ते त्यांनी बसून ठरवावं."

बबन गेला. मी औषधं परत फ्रीजमध्ये ठेवली, डॉक्टरांच्या घरच्या दह्याच्या भांड्यामागे, आणि वीज जाऊ नये अशी इच्छा केली. कडावच्या दूधवाल्याबरोबर यशवंतला निरोप धाडला. दुपारी तो आला, अंगणातच उभा राहिला.

"आक्की, तुला सुया टोचायचं काम दिलंय का माणसं पुरवायचं?"

आक्की हे माझं घरचं नाव, लहान असूनही.

"दोन्ही. येतोस का?"

"बैल कुणाचे?"

"त्यांचे."

"ते मला ओळखायचे नाहीत."

"बैल एका दिवसात ओळखतील."

तो हसला नाही. "आजा आमचा त्यांच्या बांधावर उभा राहायचा, पायताण हातात घेऊन. आणि मी त्यांच्या चिखलात जाऊन उभा राहू? नको म्हणाले म्हणजे?"

"नको म्हणाले तर परत ये. बसचं तिकीट मी काढते. पण आधी जाऊन बघू. त्यांच्या तोंडातनं येण्याआधी आपणच नाही कशाला म्हणायचं?"

"पहिली गाडी ना?" एवढं विचारून तो गेला. आमच्या घरात होकार असाच असतो.

पुढचं आधी सांगून टाकते. जनाच्या बाराही बाटल्या झाल्या. त्याला पाच वर्षं झाली, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर डॉक्टरांनी त्याला वर्षातून एकदाच दाखवायला सांगितलं. गाठ नाही. पुढे काय ते मी सांगणार नाही, या आजाराबद्दल पैज लावायची नाही हे मी शिकले आहे. यशवंतने तीन दिवस नांगर धरला. पहिल्या दुपारी त्याचं पान जरा बाजूला वाढलं होतं. तिसऱ्या दिवशी बाजूला नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी पाऊस इतका होता की सगळेच एका खोपटात गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. त्यामुळे ते सुधारले की भिजले, यावर आम्हा बहीणभावांत अजून वाद आहे.

आणि सावडीचा हिशेब सावडीसारखाच झाला. पुढच्या पावसात जना स्वतःचे बैल हाकत कडावला आला आणि आमच्या खाचरात तीन दिवस राबला. मी यशवंतला विचारलं, बबनला नाही पाठवलं? यशवंत म्हणाला, मीही तेच विचारलं. तर म्हणाला, तुझी बहीण म्हनली व्हती, काही पाळ्या ज्याच्या त्यानंच भरायच्या.

शुक्रवारी सकाळी यशवंत आणि मी पहिल्या एस.टी.ने निघालो. कशेळ्याच्या अलीकडे उतरलो, बांधावरून चालत गेलो. चपला हातात घ्याव्या लागल्या, चिखलच तसा होता. वाडीखालच्या खाचरात चार जोड्या चालू होत्या. जना सगळ्यात पुढच्या नांगरावर होता. बबन बांधावर, उघड्या डोक्याने. त्याच्या शेजारी इरलं घेतलेला म्हातारा, तोच नाना असणार.

मी काही बोलायच्या आत नानाने यशवंतकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही. खाली, पोटऱ्यांकडे आणि पावलांकडे.

"नांगर धरतोस का नुसताच उंच हायस?"

"धरून दाखवू का?" यशवंत म्हणाला.

"तांबड्याला डावीकडं ओढायची खोड हाय."

"आमच्याकडंबी एक तसाच आहे." असं म्हणून यशवंत धोतर खोचून खाचरात उतरला.

जनाने नांगर थांबवला. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. जनाने मूठ सोडली नाही. मला वाटलं, आता हा नाही म्हणतो. पण तो बैलांकडे बघत होता. मग त्याने यशवंतचा हात धरून तो मुठीवर ठेवला, कुठे दाब द्यायचा ते दाखवलं, आणि बाजूला झाला. एक पूर्ण फेरी त्याने उभं राहून बघितली. तांबडा डावीकडे ओढला, यशवंतने सरळ केला. तेव्हा जना बांधावर आला.

"शिस्टरबाई, आंगुळ करून येतो."

"वेळ नाही. गाडी पलटून आली की ह्याच गाडीने जायचं. असाच चल."

गाडीत कंडक्टर कुरकुरला, सीट भरेल म्हणून. मी म्हटलं, पेशंट आहे. तेव्हा त्याने जनाकडे नीट पाहिलं आणि तिकिटं फाडली. जना सगळी वाट खिडकीतून मागे बघत होता.

हॉस्पिटलात आल्यावर त्याचं रक्त घेतलं. काउंट बेताचा होता, पण चालण्यासारखा. यावेळी डॉक्टरांनी कागद वाचण्याआधी त्याची टोपी काढायला लावली. मी फ्रीजमधून औषधं काढली, काळा कागद बाटलीला गुंडाळला. जना खाटेवर बसला. कोपराच्या वरपर्यंत चिखल वाळला होता, त्याला स्पिरिट पुरलं नसतं. एरवीही मी सुईआधी पेशंटचा हात कोमट पाण्यात धरायला लावते, त्याने शीर फुगते. मी बादली आणली आणि त्याचा हात पाण्यात घातला. पाणी तांबडं झालं. दुसरी बादली आणली. तिच्यात चिखल सुटला, खालून काळ्या रेघा दिसल्या, आणि त्यांच्या बाजूला मनगटावर एक बारीक शीर वर आली, अजून न वापरलेली.

जनाने तोंड भिंतीकडे केलं आणि हात मागे दिला. मी तो पुसला आणि सुई लावली.